गाडीतला नानाचा पाय

सन दोन हजार चोवीस. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं, आणि डाव्या पायाला काहीच काम नसलेली गाडी मी आयुष्यात पहिल्यांदा हाकत होतो.

आता परत वैशाख आलाय. केळीच्या पानांच्या चिंध्या झाल्यात. कुंभाराच्या दारात घागरी उपड्या मांडल्यात, आणि बाजारात डांगरांचा, म्हणजे खरबुजांचा, तो गोड, जरा कुजकट वास सुटलाय. हा वास आला की माझी उजव्या पायाची टाच आपोआप जमिनीवर टेकते आणि चवडा वर उठतो. खाटेवर बसलेलो असलो तरी. सुट्टीला आलेली नातवंडं हसतात. हसू देत.

मी चौथी शिकलोय. लिहिताना कुठं चुकलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण गाडीच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. भुसावळ ते इंदूर लॉरी चालवलीय मी, आणि माझ्या हाताखाली गिअर कधी किरकिरला नाही.

एक गोष्ट आधी सांगतो. आमच्या खान्देशात भूत रात्री येत नाही. उन्हाळ्यात रात्री अख्खं गाव अंगणात खाटा टाकून जागं असतं, कोणी बिड्या ओढतं, कोणी भांडतं. भुताला जागा कुठं आहे? ते येतं भर दुपारी. रस्ता पांढरा पडतो, कुत्रंसुद्धा दिसत नाही, वारा नसताना केळीचं एकच पान हलतं आणि बाकीची गप्प उभी असतात. मग वावराच्या मधून वावटळ उठते, रस्ता ओलांडते, पलीकडे जाऊन बसते. आई सांगायची, वावटळीत पाय घालू नये, कोणीतरी चाललेलं असतं.

नाना म्हणजे माझा धाकटा भाऊ. कागदावर लोटन, पण त्या नावाने त्याला कोणी हाक मारली नाही. त्याला गाडी मी शिकवली. साठी ओलांडल्यावर त्याच्या मणक्यातली शीर दबली आणि डावा पाय लुळा पडत गेला. क्लच दाबता येईना. मला वाटलं, आता बसेल घरी. तर हा नाशिकला गेला आणि एका वकिलाची जुनी डिझेल पिकअप घेऊन आला. आपोआप गिअर बदलणारी.

"याला गाडी म्हणत नाहीत नाना, झोपाळा म्हणतात," मी म्हणालो. "अखाजीच्या सणाला पोरी बसतात तसला."

"बस ना मंग आबा," तो म्हणाला. "पोरीस्पेक्षा तू काय कमी शेस?"

त्याच्या सीटवर मी बसलो नाही. तो होता तोवर मी त्या गाडीच्या डाव्या सीटवर बसलो, स्टिअरिंगला हात लावला नाही. केळीचे घड मागे रचायचे आणि दोघांनी एरंडोलपर्यंत भांडत जायचं, असा आमचा धंदा.

तो गेला श्रावणात. मळ्यात एकटाच गेला होता, झिमझिम चालू होती. वेळ झाला म्हणून मी बघायला निघालो, तर आमची पिकअप रस्त्याच्या वळणावर बांधाला टेकून उभी. इंजिन चालू. वायपर इकडून तिकडे चाललेले. नाना सीटवर नीट बसलेला, दोन्ही हात मांडीवर. डॉक्टर म्हणाले, छातीत आलं आणि क्षणात गेला. पण तो घड भरायला थांबला होता मळ्याच्या तोंडाशी. तिथून वळणापर्यंत गाडी आली कशी? नंतर लोकांनी समजावलं, असली गाडी गिअरात असली आणि ब्रेकवरचा पाय सुटला की आपली आपण सरकते, तिचा स्वभावच आहे. पटलं मला. पण तिचं तोंड घराकडे होतं. वासरू गाईला टेकतं तशी ती बांधाला टेकली होती, एक ओरखडा नाही. त्याचं उत्तर कोणी दिलं नाही.

दहावं, तेरावं सगळं केलं. मग महिनाभराने मी त्याच्या सीटवर बसलो. डावा पाय क्लच शोधत खाली गेला आणि रिकाम्या जागेत पडला. जिना संपलाय हे न कळून पुढची पायरी उतरावी, तसं झालं. वाकून बघितलं तर तिथल्या रबरी चटईत टाचेएवढा खळगा. नानाच्या लुळ्या पायाने केलेला. ज्या पायाला काम नव्हतं त्याने एवढं खोल उमटावं? मी माझी टाच त्या खळग्यात ठेवली. बरोबर बसली.

आणि गाडी चालू लागली, तशी नानासारखी चालू लागली.

कसं सांगू? नानाची एक खोड होती. बोलायच्या आधी तो एक श्वास घ्यायचा. "आबा," म्हणायचा, मग श्वास, मग पुढचं. गाडीचंही तेच. चढ आला की इंजिनाचा आवाज वर जायचा, मग गाडी थबकायची, अधांतरी, जशी कोणी ओठांशी आलेलं थांबवावं. आणि मग गिअर पडायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी डाव्या सीटकडे बघितलं. तो तर गाडी चालवायचा, डावीकडे मी बसायचो. तरी बघितलं. त्या दिवशी डावीकडची काच अर्धी खाली होती, आणि ती मी खाली केली नव्हती.

पुढे पुढे सवय झाली. सवय कसली, ओढच लागली. काम नसलं तरी मी गाडी काढायचो आणि चढ शोधत फिरायचो.

घरात आम्ही दोघंच उरलो होतो. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगी धुळ्याला देवपुरात दिलेली. उरलो मी आणि नानाची बायको. तिला घरात सगळे धाकली म्हणतात. आता आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने जेठाशी बोलायचं नाही, समोर आलं तर पदर ओढून भिंतीकडे तोंड करायचं. नव्या पोरी हे पाळत नाहीत, ठीक आहे. पण धाकली मुक्ताईनगरकडची, माझ्याइतकीच हट्टी. लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्यात एक शब्द झाला नव्हता. बोलणं ने-आण करायचं काम नानाचं. "आबा, ती म्हनस मीठ सरनं." "आबा, ती इचारस दवाखान्यात कवय जावानं?" नाना गेला आणि घरातला दूतच गेला. ती ताट ठेवायची, ताटाचा आवाज करायची, मी जेवायचो. वाळत घातलेल्या कपड्यांवरून आम्ही एकमेकांची तब्येत ओळखायचो.

मग चैत्र उतरणीला लागला. एका दुपारी मी केळी पोचवून आलो, गाडी निंबाखाली लावली आणि तसाच सीटवर मागे डोकं टाकून बसलो. गरम इंजिन थंड होताना टिक टिक करतं, तसं ते करत होतं. तेवढ्यात धाकली आली. पदर पुढे ओढलेला. माझ्याकडे नाही बघितलं. बॉनेटसमोर उभी राहिली आणि गाडीला म्हणाली,

"त्यास्ले सांग, अखाजी जवळ उनी. घागर आननी पडी."

सांगायचं मला होतं, की घागर आणावी लागेल. मग ती थांबली. गाडी टिक टिक करत होती. ती मान किंचित तिरकी करून ऐकत होती. आणि मग "हां" म्हणून तिने मान हलवली.

"आनि नाव?" ती पुढे म्हणाली. "नाव कोण लेई?" परत थांबली. परत टिक टिक. या वेळी तिने मान हलवली नाही. पदर सावरला आणि आत गेली.

तिला काय उत्तर मिळालं, ते मला ऐकू आलं नाही.

अखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तो पितरांचा सण. वर्षभरात घरातलं माणूस गेलं असेल तर त्याच्या नावाने घागर भरायची, वर डांगर ठेवायचं, सांजोरी ठेवायची. आणि सकाळी उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवत एकेका पितराचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की तो येतो आणि जेवतो. नाव घेतलं नाही तर वर्षभर दाराबाहेर उपाशी. बोट बाई उमटवते, पण सासऱ्याचं, सासूचं, नवऱ्याचं नाव ती घेणार कशी? म्हणून मागे पुरुष उभा राहतो आणि नावं घेतो. आमच्या घरी बोट धाकलीचं आणि आवाज नानाचा, असं इतकी वर्षं चाललं. आता नानाचंच नाव घ्यायचं होतं, आणि घेणारा मीच एकटा होतो.

मी घेणार नव्हतो. ठरवलंच होतं. माणूस बोलावतो कोणाला? जो बाहेर असतो त्याला. एकदा उंबरठ्यावर नाव घेतलं की घरचा माणूस पाहुणा होतो, वर्षातून एकदा जेवायला येणारा. आणि नाना कुठं बाहेर होता? रोज चढावर माझ्याबरोबर श्वास घेत होता की. पण धाकलीला हे सांगणार कोण? गाडीला सांगायची मला लाज वाटली.

त्याच आठवड्यात गाडीने मान टाकली. पारोळ्याच्या रस्त्याला चढावर थबकली ती थबकलीच. इंजिन गरगरतंय, चाक फिरत नाही, खालून जळका वास. पोरीने धुळ्याचा एक मिस्त्री शोधला, असल्या गाड्यांचं काम करणारा. युसुफ त्याचं नाव. गाडी ओढून नेली त्याच्याकडे आणि मी देवपुरात पोरीकडे मुक्काम टाकला. रोज पांझरेचा पूल ओलांडून गॅरेजात जायचो आणि जुन्या टायरवर बसून राहायचो. पोरगी म्हणायची, "आबा, तिथं बसून काय करता?" मी म्हणायचो, लक्ष ठेवतो.

गिअरबॉक्स खाली उतरवला तेव्हा मी तिथंच होतो. तेल काढलं, तर काळं. करपलेल्या दुधासारखा वास. युसुफने प्लेटा बाहेर काढल्या, जळून निळ्या पडलेल्या.

"आबा, ही वकिलाची गाडी आहे," तो म्हणाला. "फाइली उचलणारी. तुम्ही हिच्या पाठीवर केळी लादली, ती पण या गर्मीत. हमाली करायला लावली बिचारीला."

"मग काय करायचं?"

"आतून पैलवान करू. जाड प्लेटा टाकतो, कन्व्हर्टर मजबूत बसवतो, खाली तेलाचं चेंबर खोल, आणि पुढे तेलाला वेगळा कूलर. मग हाका मुंबईपर्यंत."

"आणि ते थबकणं?"

"कसलं?"

मी सांगितलं. सगळं नाही, पण चढावर ती श्वास घेते एवढं सांगितलं. युसुफने पुसता पुसता हात थांबवला.

"आबा, ते आजारपण होतं. प्लेट पकडत नव्हती, घसरत होती. तुम्ही किती दिवस तशीच चालवली?"

मी एक जळकी प्लेट उचलून बघितली आणि परत खाली ठेवली. माणसाच्या धापेला आपण ओळखीचा आवाज समजत होतो, असं कोणी सांगावं, तसं झालं.

काम झालं अखाजीच्या आदल्या दिवशी. सगळं बसवून झालं आणि युसुफने गाडीला स्कॅनर जोडला. छोटी पाटीच ती, काचेची. बघत बघत तो म्हणाला, "एक बात आहे आबा. हा गिअरचा डब्बा शिकतो. चालवणाऱ्याचा पाय कसा पडतो, कधी उचलतो, ते ध्यानात ठेवतो आणि तसा गिअर टाकतो. यात जुनी आदत बसलेली आहे. बरीच जुनी. कोण चालवायचं?"

मी टायरवरून उठलो.

"ती पुसावी लागेल," तो म्हणाला. "नव्या प्लेटांना जुन्या मापाने दाबलं तर परत जळतील."

"पुसायची नाही."

"अरे, पण..."

"सांगितलं ना. गाडी माझी आहे. पुसायची नाही."

बाहेर भर दुपार होती. आग्रा रोडवर एक माणूस नव्हता, नुसतं डांबर हलत होतं. युसुफने दोनदा समजावलं, मग कंटाळून म्हणाला, "घरी विचारा तरी कोणाला." आणि माझाच फोन घेऊन त्याने घरचा नंबर लावला, आवाज मोठा करून बॉनेटवर ठेवला. पलीकडे फोन उचलला गेला. कोणी हॅलो म्हणालं नाही. मी पण बोललो नाही. दोन्हीकडून नुसता श्वास.

"हे काय?" युसुफ म्हणाला. "लाइनवर कोणी आहे का?"

मी त्याच्याकडे बघून, पण फोनला ऐकू जाईल असं म्हणालो, "मिस्त्री, तिला सांगा, गाडीत नानाचा पाय आहे. तो पुसायचा म्हणतात."

युसुफ माझ्याकडे बघत राहिला, मग फोनकडे. फोनमधून धाकलीचा आवाज आला. तो माझ्यासाठी नव्हता. तरी माझ्यासाठीच होता.

"मिस्त्रीभाऊ, त्यास्ले सांगा. त्या गाडीमा आमना माणूस नही शे. मी इचारं व्हतं तिले." मग ती थांबली, बॉनेटसमोर थांबली होती तशीच. "आमना माणूस अखाजीले दारवर येस. तठे नाव लागस."

फोन बंद झाला.

मी नळावर जाऊन तोंड धुतलं. पाणीही गरमच होतं. परत आलो आणि म्हणालो, "पूस." त्याने काचेवर बोट ठेवलं. एवढंच. गाडीत काही आवाज झाला नाही, दिवा लागला नाही, विझला नाही. अख्खा माणूस जातो तेव्हाही तसंच असतं म्हणा.

मी दुपारीच निघालो. पोरगी म्हणाली ऊन उतरू द्या, ऐकलं नाही. गाडी लोण्यासारखी चालली. गिअर कधी पडतो कळत नव्हतं. कोणा परक्या, गुळगुळीत माणसाशेजारी बसल्यासारखं वाटत होतं, जो विचारलं तेवढंच बोलतो. पारोळ्याचा चढ आला, जिथं तिने मान टाकली होती. गेली सर्रकन. मी डावीकडे बघितलं नाही.

रस्त्यावर मी आणि पुढचं मृगजळ. वेचून राहिलेल्या कपाशीच्या काड्या वावरात उभ्या. एरंडोलच्या अलीकडे एक वावटळ उठली, लाल, उंच, आणि बरोबर माझ्या पुढून रस्ता ओलांडायला लागली. मी वेग कमी केला, आई सांगायची म्हणून. ती गेली. समोर चढ होता. इंजिनाचा आवाज वर गेला.

आणि गाडी थबकली. अधांतरी. मग गिअर पडला.

मी गाडी बाजूला घेतली. युसुफला फोन लावला.

"आबा, प्लेटा नव्या आहेत, घसरूच शकत नाहीत," तो म्हणाला. "आता ती तुमच्याकडून शिकतेय. तुम्ही जुने लॉरीवाले, गिअरच्या आधी पाय उचलता, जरा थांबता, मग दाबता. क्लच नाही तरी तुमच्या पायाला तो आठवतो. ही बघते आणि तुमच्यासारखी थांबते. ज्याची आदत पुसली, त्याला गाडी कोणी शिकवली होती?"

मी फोन ठेवला आणि डोळ्यापुढे आलं. लॉरीच्या उंच सीटवर नाना, तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेलं, आणि शेजारी मी ओरडतोय: घाई नको करू, पाय उचल, एक श्वास घे, मग टाक. एक श्वास घे, मग टाक. त्याची बोलायची खोडही तिथूनच लागली असेल. मग मी इतके महिने त्या गाडीत कोणाला शोधत होतो? त्याच्यातल्या मला, की माझ्यातल्या त्याला? चौथी शिकलेल्या माणसाला हे गणित सुटत नाही, आणि शिकलेल्याला सुटेल असं मला वाटत नाही.

मिस्त्री म्हणतो ते खरंच असेल. धंद्यातला माणूस आहे. फक्त एक सांगून ठेवतो. एरंडोलच्या अलीकडच्या त्या चढावर, वावटळ गेल्यावर, मी पाय उचलला नव्हता. दाबूनच धरला होता. कोणी मानो न मानो, माझा पाय मला माहीत आहे.

घरी पोचलो, गाडी निंबाखाली लावली. इंजिन टिक टिक करत थंड होत होतं. धाकली बाहेर आली. मला वाटलं, आता बॉनेटपुढे उभी राहील. ती गाडीजवळ थांबलीसुद्धा नाही. पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला आणि गेली. ओसरीच्या कोपऱ्यात नवी घागर आणलेली होती, अजून कोरडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आधी, तिने ती घागर भरली. वर डांगर ठेवलं, सांजोरी ठेवली. मग कुंकू कालवून उंबरठ्याशी बसली, पदर पुढे, पाठ माझ्याकडे. मी नाना उभा राहायचा त्या जागी उभा राहिलो. वडिलांचं नाव घेतलं, तिने बोट उमटवलं. आईचं घेतलं, तिने बोट उमटवलं. माझ्या बायकोचं घेतलं. मग तिने बोट परत कुंकवात बुडवलं आणि ते हवेतच राहिलं, ओलं, लाल, उंबरठ्याच्या वर. बाहेर निंबाखाली गाडी रात्रभराची थंड उभी होती. तिचा काही आवाज नव्हता.

मी एक श्वास घेतला. मग म्हणालो, "लोटन."

तिचं बोट खाली टेकलं.